सहादेवच्या ताटातला खारट गोळा

नेवासे तालुक्यातल्या सहादेवला नोकरी होती, शर्टाला इस्त्री होती, सुपारीचंसुद्धा व्यसन नव्हतं. तरी एकाहत्तर सालच्या लग्नसराईपर्यंत त्याला तीन ठिकाणांहून नकार आला होता. कारण एकच. काय काम करतोस, असं कुणी विचारलं की हा खरं सांगायचा.

मुंबईच्या एका प्रयोगशाळेत तो मदतनीस होता. एका पांढऱ्या भुकटीच्या पुरचुंड्या बांधायच्या, समुद्राच्या पाण्यात बुडवून ठेवायच्या आणि काही दिवसांनी काढून साहेबांच्या हवाली करायच्या. पाण्यातलं युरेनियम त्या भुकटीला चिकटतं, असं साहेबांनी त्याला समजावलं होतं, आणि त्याला त्याचा कोण अभिमान!

चौथं स्थळ शेवगावकडचं. वाटेतच त्याच्या मामांनी, म्हणजे काकासाहेबांनी, दम भरला. "तोंड उघडायचं न्हाई. मी बोलीन. ह्येबी मोडलं तर तुज्यापायी मी पुन्यांदा कुनाचे उंबरे झिजवनार न्हाई." सहादेवने मान डोलावली. खोलीवर एकट्याने स्टोव्ह पेटवून जेवायचा त्याला खरोखर वीट आला होता. त्याला लग्न करायचं होतं.

मुलीची आजी कडूबाई ही त्या घरची कर्तीधर्ती. मुलगा काय करतो, असं तिने विचारताच मामा म्हणाले, "भाचा समुद्रातनं धातू काढतोय. त्याच्यावर इजेचे दिवे लागत्यात!"

"किती निघतो?" कडूबाईने थेट सहादेवलाच विचारलं.

खोटं बोलायला त्याची जीभ वळेना. "पाच पिंपं पान्यात मोहरीच्या एका दान्याच्या वजनाइतका असतोय. त्योबी समदा घावत न्हाई."

"आन् त्या पान्यातलं मीठ?"

"त्ये सोडून देतो."

"म्हंजी ढिगानं हाय त्ये सोडायचं, आन् दिसत न्हाई त्ये धरायचं!" कडूबाईने अडकित्त्यात सुपारी कचकन फोडली. "जेवून घ्या, पाव्हनं. उजेड हाय तवर घरी पोचाल."

मामांनी कपाळाला हात लावला. पानं वाढली गेली. मामांनी आमटीचा भुरका मारला आणि लागोपाठ दोन तांबे पाणी प्याले. धांदलीत मुलीने, पुष्पाने, मीठ घातलं होतं, आणि तिला सुचलं नसेल म्हणून चुलतीनेही घातलं होतं. पण मुलीकडच्या जेवणाला नावं ठेवायची कुणी? सगळे खाली माना घालून गिळत होते.

"आजी, कनीक उरली हाय का? आमटीत गोळा सोडा," सहादेव बोलून गेला.

मामांनी त्याच्या मांडीला चिमटा काढला. कडूबाईचा चेहरा लालबुंद झाला. आता मागे फिरण्यात अर्थ नव्हता.

"आजी, आमचं काम ह्येच हाय बगा. आमटी म्हंजी समुद्र, आन् गोळा म्हंजी आमची पुरचुंडी. तुमचा गोळा मीठ वढतो, आमची पुरचुंडी युरेनियम धरती."

"आगं बया! आसं हाय व्हय?" कडूबाईला पहिल्यांदाच काहीतरी उमगलं. "ह्ये तर आमी जन्मभर करतोय. मग फरक काय?"

"तुमी गोळा टाकता, आमटी खाता. आमी आमटी टाकतो, गोळा जपून ठेवतो."

आत चुलीपाशी कुणीतरी फिसकन हसलं. आमटी पुन्हा चुलीवर चढली, गोळा घालून चांगली रटारटा उकळली. मग पुष्पा स्वतःच पातेलं घेऊन बाहेर आली. सगळ्यांच्या वाट्यांत तिने आमटी वाढली. सहादेवच्या ताटात मात्र फक्त गोळा ठेवला.

"तुमच्यात गोळाच जपत्यात न्हवं? जपा."

घरभर हशा पिकला. सहादेवने तिच्याकडे पाहिलं आणि घास मोडला. खारट, कच्चट गोळा होता तो, घशाखाली उतरेना. डोळ्यांतून पाणी यायला लागलं तरी गड्याने कणभरही ताटात ठेवला नाही.

कडूबाई टक लावून पाहत होती. शेवटचा घास उतरल्यावर ती पुष्पावर खेकसली.

"हसती काय नुसती? पानी दे की तुज्या मानसाला!"