बारावं चालू आहे

आमच्या घरात पुरं झालेलं वय कुणी सांगत नसे, चालू असलेलं सांगत. मूल आठ वर्षांचं झालं की दुसऱ्या दिवसापासून आई म्हणणार, "नववं चालू आहे." कोकणात सगळे असंच सांगायचे, आणि ऐकणाराही मनातल्या मनात एक वजा करून घ्यायचा. ही वजाबाकी फक्त आपल्याच लोकांना येते, हे आमच्या कुणाच्या ध्यानात आलं नाही.

आम्ही कोकणातले ज्यू. पप्पा आमच्या आधी वर्षभर इस्राएलला जाऊन रामल्यात सिमेंटच्या कारखान्यात लागले होते. बासष्ट साली आम्ही तिघी मागून निघालो: आई, मी आणि माझ्याहून अडीच वर्षांनी लहान बहीण. मुंबईच्या कचेरीत कागद भरायला बसलेल्या साहेबाला मराठी येत नव्हतं आणि आईला इंग्रजी. मी इंग्रजी शाळेतली, त्यामुळे मध्ये बोलायला मी. साहेबाने धाकटीचं वय विचारलं. आई म्हणाली, "दहावं चालू आहे." मी ऐटीत म्हणाले, "टेन." साहेबाने दहा लिहिलं. प्रत्यक्षात तिला नऊच पुरी झाली होती. ते दहा आमच्या सामानाबरोबर विमानात बसून आलं आणि इथल्या प्रत्येक कागदावर जाऊन बसलं. त्या वेळी मी मुद्दाम काही केलं नव्हतं. हे आधी सांगून ठेवते, कारण पुढचं तसं नाही.

बहिणीचा गळा जन्माचाच गोड. शनिवारी, शब्बाथच्या सुट्टीच्या दिवशी, तिने तोंड उघडलं की शेजारच्या बायका हातातलं टाकून दारात येऊन उभ्या राहायच्या. हिब्रूही तिने गल्लीत खेळता खेळता उचलली. मला ती वहीत लिहून पाठ करावी लागली. आई संत्र्यांच्या पॅकिंगला जायची, तेव्हा घरचा स्वयंपाक माझ्याकडे. तिच्याकडे गाणं. वाटणी कुणी बसून केली नव्हती, पण ती झाली होती आणि मला ती झोंबायची.

चौसष्टच्या जानेवारीत शाळेतली गाण्याची मोरा, म्हणजे बाई, तिला निवडीसाठी तेल अविवला घेऊन गेली. युरोपात लहान मुलांच्या गाण्याची स्पर्धा होती, देशोदेशीची मुलं येणार होती. आपल्या एवढ्याशा देशातून वीस मुलं जाणार, आणि त्या विसांत आमची एक. बारा वर्षं पुरी झालेली नसावीत, एवढी एकच अट. बातमी आली तेव्हा पप्पा कारखान्याच्या कपड्यांतच सगळ्या ओळखीच्यांकडे सांगत फिरले. ज्या दुकानदाराने आम्हाला आजवर धड मान वर करून पाहिलं नव्हतं, त्याने बहिणीला फुकट चॉकलेट दिलं. आई एलियाहू हनबीला, आमच्या प्रेषिताला, नवस बोलली, की पोर गाऊन सुखरूप परत आली की मलिदा करीन.

आणि मग माझा स्वेटर उसवायला काढला.

लाल लोकरीचा, निघताना मुंबईच्या मावशीने माझ्यासाठी विणलेला. "तुला आखूड होतोय, आणि हिला तिकडे थंडी वाजेल," आई म्हणाली. ती उसवत होती आणि लोकर गुंडाळायला मीच दोन्ही हात पुढे करून बसले होते. मावशीने घातलेला एकेक टाका सुटत माझ्याच मनगटांवर येत होता. मला कुणी विचारलंही नाही.

त्याच आठवड्यात एका दुपारी मोरा घरी आली. बहिणीने तिच्यासाठी ट्रेमध्ये सरबत आणलं. मोरा आईकडे पाहून हिब्रूत बोलत होती आणि मी मराठीत सांगत होते. ती म्हणाली, कचेरीच्या कागदावर मुलीला बारा पुरी दिसतात. पण मला ती लहान वाटते. नव्या आलेल्यांच्या कागदांत अशा चुका होतात. आईने खरं वय सांगितलं तर मी आजच तेल अविवला जाऊन कागद दुरुस्त करून घेते. उद्या यादी बंद होते.

यातलं मी आईला एवढंच सांगितलं, "मोरा हिचं वय विचारतेय."

आई हसली. "अगो, सांग तिला, अकरा पुरी झाली, बारावं चालू हाय. दारफळणीच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी झाली ही. मी उपास सोडला नि कळा सुरू झाल्या." दारफळणीचा सण म्हणजे किप्पूर, आमचा वर्षाचा मोठा उपास.

हिब्रूत अकरा कसं म्हणतात ते मला येत होतं. 'पुरी झाली' आणि 'चालू आहे' यांतला फरकही आता चांगला कळत होता. समोर खुर्चीवर अर्धा विणलेला लाल स्वेटर पडला होता.

मी म्हणाले, "आई म्हणते, बारा."

मोराने पुन्हा विचारलं, "नक्की?" मी मान हलवली. बहिणीकडे मी पाहिलंच नाही. मोराने सरबत संपवलं, आईचा हात हातात घेतला आणि ती उठली. ती गेल्यावर मी आईला सांगितलं, "कागदावर वय एका वर्षाने जास्त भरलं म्हणे. हिला नेता येणार नाही." आई खुर्चीवरचा स्वेटर उचलून मांडीवर घेऊन बसली. बहीण रिकामा ट्रे हातात धरून खिडकीशी पाठमोरी उभी होती. रडत असेल, म्हणून मी जवळ गेले नाही. समोरच्या थांब्यावर मोरा तेल अविवच्या बसची वाट पाहत उभी होती. बस लवकर आली नाही. मी आत जाऊन कांदे चिरायला घेतले.

संध्याकाळी पप्पांना कळलं. "सरकारी कागदापुढे आपण काय बोलणार? आपण नवे," एवढंच म्हणाले आणि न जेवता बाहेर जाऊन बसले. एरवी शेजाऱ्याशी पाण्याच्या नळावरून हातघाईवर येणारा माणूस. मला वाटलं होतं, तिचा हिरमोड झाला की मला बरं वाटेल. एक दिवससुद्धा वाटलं नाही.

बहिणीच्या जागी दुसऱ्या गावची मुलगी गेली. वसंतात स्पर्धा झाली आणि एका संध्याकाळी तिथलं गाणं रेडिओवर लागणार होतं. आमच्याकडे रेडिओ होता, त्यामुळे आसपासची सगळी माणसं आली. आईने मुंबईहून आलेले, जपून ठेवलेले पोहे भिजवले, नारळ खोवला, साखर घातली, पाच फळं कापली. पप्पा म्हणाले, "नवस फळला नाही, मग मलिदा कसला?" आई म्हणाली, "पोरं आपलीच ना गेली? ती सुखरूप हायत ना?"

रेडिओत खरखर होती. त्या खरखरीतून आपल्या देशाचं नाव आलं तेव्हा बायकांनी पदर डोळ्यांना लावले. मग वीस मुलं गायली. बहीण लाल स्वेटर घालून भिंतीला टेकून बसली होती. उकडत होतं, तरी आईच्या समाधानासाठी तिने तो घातला होता. त्यातलं प्रत्येक गाणं तिला पाठ होतं. तिचे ओठ मिटलेलेच राहिले. आपल्या मुलांना बक्षीस मिळालं नाही, पण लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मलिद्याच्या वेळी आईने तिला गायला सांगितलं. "घसा बसलाय," ती म्हणाली. तो घसा मग बसलेलाच राहिला. पुढे तिची लेकरं झाली, ती अश्केलोनला राहायला गेली, पण तिला गाताना मी पुन्हा कधी ऐकलं नाही.

त्याच संध्याकाळी ताटं घासताना मला राहवलं नाही. मी म्हणाले, "त्या दिवशी मी मोराला खोटं सांगितलं. आई अकरा म्हणाली होती."

"ठाऊक आहे," ती म्हणाली.

"कसं?"

"मी ट्रे घेऊन तिथंच उभी होते ना, ताई. मला काय हिब्रू येत नाही?"

खरंच, आमच्यात सगळ्यात चांगली हिब्रू तिलाच येत होती. एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती.

"मग बोलली का नाहीस?" मी जवळजवळ ओरडले. "आईसमोर मला खोटं पाडायचं होतंस! मोराला सांगायचं होतंस!"

तिने हातातलं ताट पुसून ठेवलं, दुसरं घेतलं.

"मला वाटलं, तूच जाऊन सांगशील. मोरा कितीतरी वेळ समोरच उभी होती. बस येईपर्यंत मी खिडकीतून बघत होते, तू जातेस का."