काटा वर, लेकरू बरं

सौंसरजवळच्या एका गावात चंद्रकला सहा वर्षं अंगणवाडी चालवत होती. वजनाच्या दिवशी विहाराच्या ओसरीत तुळईला काटा टांगला, की बायांचा घोळका जमायचा. कारण चंद्रकला नुसतं वजन करत नसे, नाटकच करी. उजवा हात सुईसारखा धरून धपकन खाली पाडायची, "हे लेकरू चाललं!" मग हात झपकन वर, "अन् हे आलं! काटा वर, लेकरू बरं. बोला माझ्यामागं!" बाया खिदळत बोलायच्या. यमुनाही बोलायची.

शहाऐंशीच्या हिवाळ्यात यमुनेच्या उर्मिलेला गोवर आला. दोन वर्षांची पोर. पाठीवर बाळ आलं तसं तिचं अंगावरचं दूध सुटलेलं. यमुना संत्र्याच्या तोडणीला जाई, उर्मिला पातळ कण्यांवर दिवस काढी. गोवर उतरला आणि पुढच्याच महिन्यात ती झोळीत बसली, तर काटा जवळजवळ किलोभर वर. गाल फुगलेले, पाय गुबगुबीत.

"काय व यमुने," अंबाबाई ओसरीच्या टोकावरून ओरडली, "चोरून लोणी चारून राहिली का पोट्टीले?"

सगळ्या हसल्या. यमुना हसली नाही.

"बाई, पण ही खेळत नाई. जिथं बसवली तिथंच बसून रायते. रडणंही कसं, मांजरीच्या पिल्लावानी."

"गोवराचा थकवा हाये तो. काट्याकडं पाह्य ना! तो काय तुही भीड धरते?"

चंद्रकलेनं आजारी लेकरांच्या यादीतलं उर्मिलेचं नाव खोडलं, तेही मोठ्या हौसेनं.

तीन आठवड्यांनी सौंसरहून नर्सबाई आल्या. त्यांनी उर्मिलेच्या पावलावर अंगठा दाबून धरला. उचलला, तर तिथं खड्डा पडला आणि भरेचना.

"चंद्रकला, हे मांस नाही, पाणी आहे. पोर उपासानं सुजली आहे. आजच नागपूरला हलवा."

चंद्रकला स्वतः यमुनेला आणि उर्मिलेला घेऊन गेली. मोठ्या दवाखान्यात डॉक्टरांनी तिला बाजूला घेऊन सांगितलं, "आधी पाणी उतरेल. वजन घटेल, पोर हाडकुळी दिसेल. तेच बरं होणं आहे. तीन आठवडे हलवू नका." चंद्रकलेनं मान डोलावली. बस सुटायची वेळ झाली होती. यमुनेला ती एवढंच म्हणाली, "इथंच रायजो. घाबरू नको." बाकीचं सांगायचं राहून गेलं.

आठव्या दिवशी यमुना चंद्रकलेच्या दारात उभी. कडेवर उर्मिला, नुसत्या बरगड्या.

"काहून आणली व?"

"मारून टाकत होते, बाई. रोज सकाळी काट्यावर ठेवे, रोज कमी. म्या डोळ्यानं पाह्यलं. काटा असा..." आणि यमुनेनं उजवा हात सुईसारखा धरून खाली पाडला.

चंद्रकलेनं तिचा तो हात धरला.

"अवो, पाणी उतरून राहिलं होतं ते! बरी होत होती पोट्टी!"

"वजन उतरून कोणी बरं होते का? सहा वर्सं तुमीच सांगून राहिल्या."

"मी चुकली, यमुने. चाल, आता लगेच बस धरू."

यमुनेनं तिच्याकडं नीट पाहिलं. "तवा चुकल्या का आता चुकून राहिल्या, बाई? कोणतं खरं धरू म्या?"

यमुना दवाखान्यात परत गेली नाही. चंद्रकला रोज तिच्या घरी जाऊ लागली. कधी अंडं, कधी वाटीभर दूध. उर्मिला तोंड फिरवी. यमुनेचा नवरा भाऊराव खाटेवरून म्हणे, "जाऊ द्या ना, बाई. लेकराले घरचं मानवते." नर्सबाई येऊन गेल्या, रागावून गेल्या. यमुना बाळाला पाजत भिंतीकडं पाहत राहिली.

पंधरवड्यानं मात्र तीच दारात सामोरी आली. कितीतरी दिवसांनी तिचा चेहरा मोकळा दिसत होता.

"या, बाई. पाहा, अंगावर मांस बसून राहिलं तिच्या. गाल पाहा!"

उर्मिला गोधडीवर बसवलेली होती. नजर कुठंच नव्हती. चंद्रकलेनं खाली बसून तिच्या पावलावर अंगठा ठेवला, दाबला, उचलला. खड्डा तसाच राहिला.

"यमुने, हे..."

"दाबू नका. दुखते तिले." यमुनेनं तिचा हात बाजूला सारला आणि फ्रॉक ओढून पावलं झाकली. मग दाराशी जाऊन तिनं शेजारच्या बायांना हाक मारली, "या व, पाहून जा माही पोट्टी!"