दाजींचा कान

माझ्या ताईचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, लाकडाच्या वखारीचे मालक. वखारीमागे त्यांचं स्वतःचं सात एकर रान आहे. हिवाळ्यात त्यातली ठरावीक झाडं तोडायची, ओंडके फोडायचे, वर्षभर रचून वाळवायचे आणि पुढच्या हिवाळ्यात सरपण म्हणून विकायचे, असा हा धंदा. टेंपो मी चालवतो. वखारीत माझा मान टेंपोच्या खालोखाल आहे. टेंपो कुरकुरला तर दाजी निदान बॉनेट उघडून बघतात.

दाजींचं नाव होतं ते कानामुळे. गिऱ्हाईक आलं की ते दोन लाकडं उचलत, डोळे मिटत आणि कानाजवळ नेऊन एकमेकांवर आपटत. सुकं लाकूड खणखणीत वाजतं, ओलं बद्द. हे कुणालाही कळावं, पण दाजी ते इतक्या गंभीरपणे करत, की लोक श्वास रोखून उभे राहत. लाकडाच्या टोकाच्या भेगा बघा, वजन बघा, असं मी एकदा सुचवलं होतं. त्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी उगाचच टेंपोची काच पुसायला गेलो.

हाच माणूस तीस वर्षं मशीनची करवत कानाशी घेऊन झाडं कापत होता. कानात बोळे घाला म्हटलं, तर म्हणायचे, बोळे घातल्यावर झाड पडताना ऐकू कसं येणार? बिनतोड मुद्दा. आम्ही नाद सोडला.

गेल्या हिवाळ्याच्या तोंडावर वादळानं शेडवरची ताडपत्री उडवली आणि रचलेल्या लाकडांतली निम्मी भिजली. ओलं कुठलं, सुकं कुठलं, हे एकेक लाकूड वाजवूनच ठरवायचं होतं. त्यात चौकातल्या बेकरीवाल्यानं आधीच तंबी दिलेली. आमचा निम्मा माल त्याच्या भट्टीत जातो. आदल्या हिवाळ्यात दोनदा ओला माल गेला आणि त्याचे पाव आजाऱ्यासारखे पांढरेफटक निघाले. यंदा एक जरी खेप ओली आली तर भट्टीला डिझेलचा बर्नर बसवीन, असं त्यानं ताईला तोंडावर सांगितलं होतं. बेकरी हातची गेली की वखारीला कुलूप, हे सांगायला कुणा शहाण्याची गरज नव्हती.

दाजी लगेच कामाला लागले. उजवीकडे बेकरीची सुकी रास, डावीकडे ओली. तिसऱ्या दिवशी मी उजव्या राशीतलं एक लाकूड उचललं आणि माझ्या मनगटानंच सांगितलं, की हे काही खरं नाही. वाजवून पाहिलं. बद्द. दुसरं घेतलं. तेही बद्द.

माझं डोकंच फिरलं. मला वाटलं, हा माणूस समजून-उमजून ओला माल खपवतोय. त्यांच्या पाठीमागे उभा राहून मी बोलायला सुरुवात केली, आणि एकदा तोंड उघडल्यावर अकरा वर्षांचं सगळं बाहेर पडलं: माझी कंबर, त्यांचा हेका, माझ्या लग्नात धरलेला अबोला. दाजी शांतपणे लाकडं लावत होते. मी दमलो आणि पुढे येऊन उभा राहिलो, तेव्हा ते प्रेमानं म्हणाले, "अरे, कधी आलास?"

मी तडक स्वयंपाकघरात गेलो आणि ताईला सांगितलं. ती भांडी घासत होती. दोन महिने तिला वाटत होतं, की दाजी तिच्याशी बोलायचं टाळताहेत. आता त्यांना हे सांगून टाकू, असं मी म्हणालो. ती नको म्हणाली.

"त्या एका कानावर हा माणूस उभा आहे," ती म्हणाली. "तोच काढून घेतला तर उरेल काय?"

तेव्हा आम्ही युक्ती काढली. दाजी जेवल्यावर दीड तास झोपतात. तेवढ्यात आम्ही दोघांनी बाहेर यायचं, दोन्ही राशी पुन्हा वाजवायच्या आणि चुकलेली लाकडं बदलून ठेवायची. पहिले तीन दिवस आम्ही चोरासारखे चवड्यांवर चाललो. आवाज होऊ नये म्हणून जुन्या घोंगडीखाली लाकडं वाजवली, खुणेनं बोललो. चौथ्या दिवशी ताई घोंगडीखालून डोकं बाहेर काढून म्हणाली, हा आवाज आपण नक्की कुणापासून लपवतोय? मग आम्ही घोंगडी फेकून दिली आणि बिनधास्त ठोकाठोक सुरू केली.

ताईचा कान बघता बघता तयार झाला. वरून सुकं पण गाभ्यात ओलं, हेसुद्धा तिला कळायला लागलं. माझा कान यथातथाच निघाला, त्यामुळे लवकरच मला हमालीवर उतरवण्यात आलं. थंडी वाढत गेली, सकाळी करवतीची मूठ हाताला बर्फासारखी लागायला लागली आणि बेकरीतून रोज तांबूस पाव निघत राहिले. बेकरीवाला दाजींची तारीफ करी. दाजी चारचौघांत माझ्या पाठीवर थाप मारून सांगत, की कान असावा लागतो, तो काही शिकवून येत नाही. मी दातओठ खाऊन हसत असे.

ऐन कडाक्याच्या आठवड्यात बेकरीवाला सकाळी सकाळी हजर झाला. हातात गोणपाटात गुंडाळलेली दोन लाकडं. बर्नर विकणाऱ्यानं त्याला पटवलं होतं, की आवाजावरून ओल ओळखणं ही निव्वळ थाप आहे. आज सोक्षमोक्ष लावायचाच, म्हणून तो आला होता. यातलं एक सुकं आहे नि एक ओलं, सुकं कुठलं ते सांगा, म्हणाला; चुकलात तर उद्याच बर्नर बसणार. ताई दारात येऊन उभी राहिली.

दाजींनी लाकडं घेतली, डोळे मिटले, आपटली. डोळे उघडले. पुन्हा आपटली. मी बेकरीवाल्याच्या मागून काही खूण करावी म्हटलं, तर मलाच काही कळलं नव्हतं. मग त्यांनी दोन्ही लाकडं ताईच्या पुढे धरली.

"ही सांगेल," ते म्हणाले. "मला ऐकू येत नाही."

ताईनं राशीतलं एक खात्रीचं सुकं लाकूड काढलं. त्यावर बेकरीवाल्याचं एक आपटलं, मग दुसरं. पुन्हा पहिलं.

"दोन्ही ओली आहेत," ती म्हणाली.

बेकरीवाला खजील झाला. फसवायलाच आणली होती, असं त्यानं कबूल केलं, आणि पुढच्या हिवाळ्याचीही लाकडं नक्की करून गेला.

तो गेल्यावर मी दाजींच्या समोर, अगदी तोंडासमोर उभा राहिलो आणि आमची युक्ती त्यांना कधी कळली ते विचारलं. पहिल्या दिवसापासून, ते म्हणाले. झोप येत नव्हतीच; खिडकीतून घोंगडीखालची धडपड बघत पडायचे. मग राशी कशा लावत होता? अंदाजानं. तुम्ही नीट करणारच होतात, म्हणाले. मी मटकन ओंडक्यावर बसलो. अडीच महिने माझी कंबर अंदाजानं मोडत होती.

ताई राशीकडे तोंड करून म्हणाली, की मला वाटलं, तुम्ही माझ्यावर रागावलात. दाजींना ते कळलं नाही. ती वळली, त्यांच्या पुढ्यात आली आणि तेच पुन्हा म्हणाली. दाजींनी डोक्यावरची टोपी काढून हातात धरली. मला तिथं थांबवेना, मी टेंपोकडे गेलो. काय बोलले ते मला माहीत नाही, पण बराच वेळ दोघं एकमेकांच्या तोंडाकडे बघत उभे होते.

आता सकाळीच ताई लाकडं वाजवते आणि दाजी तिच्या हातात एकेक देतात. परवा एक जुनं गिऱ्हाईक आलं. त्यानं नेहमीप्रमाणे दाजींना विचारलं, यंदा माल कसा आहे? दाजींनी हातातलं लाकूड खाली ठेवलं.

"थांबा," ते म्हणाले, "विचारून सांगतो." आणि ताईला बोलवायला आत गेले.