पेन्सिलीनं लिहिलेलं 'येईल'

दोस्तहो, आज कुहीच्या आपल्या मिशन शाळेत भांडण करून आलो. नोकरीसाठी दाखल्याची दुसरी प्रत पाहिजे होती आणि बाबू तिसऱ्यांदा "उद्या ये" म्हणाला. माझं डोकं सटकलं.

आवाज ऐकून सिस्टर बाहेर आल्या. "काहून ओरडून राहिला गा? कॉलेज सुरू आहे ना?"

"सोडलं, सिस्टर." प्रियाचं लग्न दुसऱ्याशी ठरलं तेव्हा सोडलं, हे तुम्हाला माहीतच आहे. अजून रोज आठवते ती.

सिस्टरनं शाळा दोन खोल्यांची होती तेव्हाचं रजिस्टर काढलं. धानाच्या रोवणीत पोरं शेतात जात. तेव्हाच्या सिस्टर कोणाचंच नाव कापत नसत. नावापुढे पेन्सिलीनं 'येईल' लिहायच्या आणि पोरगं परत आलं की खोडून टाकायच्या.

एक 'येईल' अजून तसंच होतं. माझ्या बाबांच्या नावापुढे.

"तो आलाच नाही गा," सिस्टर म्हणाल्या.

मी कॉलेज सोडल्यापासून बाबा माझ्याशी बोलत नाहीत. काहून, ते आज समजलं.

आता नागपुरात कॉलेजच्या गेटसमोर उभा राहून हे लिहून राहिलो. कॉलेज सोडताना प्राचार्यांना नाही नाही ते बोललो होतो. आत जाऊन पहिलं वाक्य काय बोलू, सांगा ना!