त्याचं पानी, माझा प्लॅन

मंडळी, आज सकाळी बोळिंजला माझ्या घरी आपल्या कयाक ट्रिपची मिटिंग झाली. जे आले नाहीत त्यांच्यासाठी लिहितोय.

डोंगरातल्या ओढ्यात कयाक घालायची म्हणून मी महिनाभर खपलो होतो. हेल्मेट, लाइफ जॅकेट, शिट्टी, दोर, कोण कोणाच्या मागे, सगळं प्रिंट काढून वाटलं.

खाडीकाठच्या गावातला नितीन पहिल्यांदाच आला होता. घरची भातशेती, लहानपणापासून होडीत. कागद वाचून म्हणाला, "मधेच पानी वाढलं तर बाहेर कुठे पडायचं?"

मी म्हटलं, "पाणी."

तो हसला. "बरं, पाणी. पण बाहेर कुठे पडायचं?"

माझ्या कागदावर ओढ्यात उतरायची जागा होती, जेवणाची होती, फोटोचीसुद्धा होती. बाहेर पडायची एकच, अगदी शेवटची.

मग सगळे खुर्च्या त्याच्याकडे वळवून बसले. माझ्या बायकोने दुसरा चहासुद्धा आधी त्यालाच दिला.

माझ्या पोटात दुखलं, खोटं कशाला बोलू.

सुधारलेला प्लॅन खाली टाकलाय. त्याचा प्रश्न सगळ्यात वर आहे, 'पाणी' असं शुद्ध लिहून. त्याचं नाव मात्र अजून टाकलेलं नाही. तुम्ही टाकलं असतं?