खडूस काकू, नाहूर
घाटकोपरच्या एका मोबाइल दुरुस्तीवाल्याने मला फसवलं. सोल्डरिंगचा जळका वास आला की अजून त्याचं टेबल आठवतं. मी घरोघरी पाण्याचे फिल्टर बसवतो. शिडीवरून फोन पडून स्क्रीन फुटली आणि बारा वर्षांत जोडलेली गिऱ्हाइकं आत अडकली. "नंबर, मेसेज, सगळं काढून देतो ना," तो म्हणाला. मी घासाघीस करून त्याचा भाव अर्ध्यावर आणला आणि पासवर्ड चिठ्ठीवर लिहून दिला. संध्याकाळी नव्या फोनमध्ये सगळं जसंच्या तसं मिळालं. आठवड्याने नाहूरच्या एका जुन्या गिऱ्हाइकाचा फोन आला. "काय रे, मी खडूस काकू का?" त्यांना फिल्टरची जाहिरात आली होती, वर 'नमस्कार खडूस काकू नाहूर' आणि खाली त्या दुरुस्तीच्या दुकानाचा पत्ता. माझ्या ओळखीसाठी सेव्ह केलेल्या नावांसकट त्याने यादी उचलली होती आणि स्वतः फिल्टर विकायला त्याच नावांनी सगळ्यांना जाहिरात पाठवली होती. मी जाऊन त्याची कॉलर धरली, तर म्हणतो, "शेठ, अर्ध्या भावात अजून काय पाहिजे?" काकूंची मी माफी मागितली, पण त्यांनी दार उघडलं नाही. तेव्हा बरीच गिऱ्हाइकं तुटली, आज धंदा पुन्हा उभा आहे. ती नावं माझी होती, कबूल. पण ती काकूंपर्यंत कोणी पोचवली, हे त्याने त्यांच्या दारात उभं राहून सांगावं.