बाळाच्या अंगावरचं कापड

सुकलेल्या गवताचा वास आला की शहाडजवळचा तो निराधार वृद्धांचा आश्रम आठवतो. नाताळच्या आदल्या दिवशी आई आणि मी तिथे येशूजन्माचा गोठा मांडायला गेलेलो. चर्चची बाकीची मंडळी केक वाटून, फोटो काढून निघूनही गेलेली. खोलीत लघवीचा आणि फिनाईलचा वास कोंडला होता. कोपऱ्यातल्या म्हाताऱ्याचं अंग आई ओल्या फडक्यानं पुसत होती, तेव्हा त्याची नजर गव्हाणीतल्या प्लॅस्टरच्या उघड्या बाळावर होती. "थंडी वाजंल त्याला," तो पुटपुटला. आईनं गोठ्यासाठी आणलेलं नवं पांढरं कापड बाळाभोवती गुंडाळलं. दुपारी म्हातारा गेला. त्याचं म्हणावं असं कोणी नव्हतं, आणि तोंडावर घालायला आश्रमात एक धड चादर नव्हती. आईनं बाळाचं कापड सोडलं आणि त्याच्या चेहऱ्यावर पसरलं. मी म्हणालो, "अगं, ते येशूचं आहे." "मग हा कोण आहे?" एवढंच बोलून तिनं बाळ गवतावर ठेवलं. आता घरचा गोठा मी मांडतो. बाळाच्या अंगावर कापड का नाही, असं मुलं दरवर्षी विचारतात. मी सांगतो, त्यानं ते एका म्हाताऱ्याला दिलं.